मदत हवी आहे : स्वतःच्या डोमेनवरून पाठवलेली ईमेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाते

रावेरकर : आमचा केळी निर्यातीचा व्यवसाय आहे. कंपनीच्या डोमेनवर ईमेल सुरू केली, परंतु दुबईच्या ग्राहकाला पाठवलेली इन्व्हॉइसे त्याच्या स्पॅममध्ये पडतात आणि काही तर ५५० क्रमांकाचा संदेश घेऊन परत येतात. कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघाला आहे. एसपीएफ (आमच्या डोमेनवरून कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात, हे सांगणारी नोंद) टाकलेले आहे, तरी असे का होते? कृपया आजच सांगा.

भुसावळ जंक्शन : मेलबॉक्स कोणत्या सेवेचा आहे, डीएनएस (डोमेनच्या नोंदी) कोठे आहे आणि ५५० च्या पुढे काय लिहिले आहे? ५.१.१ असेल तर पत्ताच चुकला आहे, ५.७.२६ असेल तर पाठवणाऱ्याची ओळख पटलेली नाही.

धुळेकर : माझ्या मते आपण भाड्याने सर्व्हर घेऊन त्यावर पोस्टफिक्स हे ईमेल पाठवणारे सॉफ्टवेअर बसवावे. मी कित्येक वर्षे तेच वापरतो आणि माझी ईमेल अडत नाही.

भुसावळ जंक्शन : भाऊ, ज्याचा माल वाटेत आहे त्याला हा सल्ला देऊ नये. अनेक क्लाउड कंपन्या सर्व्हरने ईमेल पाठवण्याचा मार्ग, म्हणजे पोर्ट २५, बंद ठेवतात, पीटीआर (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी) नोंद वेगळी करून घ्यावी लागते, आणि त्या आयपी पत्त्यावरून पूर्वी कोणी स्पॅम पाठवले असेल तर त्याचे परिणाम आपल्याला भोगावे लागतात.

धुळेकर : पीटीआर एकदाच करावा लागतो. शिकून घेतले तर कोणावर अवलंबून राहावे लागत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

शहादेकर : आमच्याकडे पपईचे व्यापारी सर्व कागद व्हॉट्सॲपवर पाठवतात.

रावेरकर : दादा, आमच्या ग्राहकाच्या बँकेला कागद ईमेलनेच लागतात. परत आलेल्या संदेशात ५.७.२६ आहे. मेलबॉक्स एका सेवेचा आहे, डीएनएस होस्टिंग कंपनीकडे आहे, आणि इन्व्हॉइस बिलिंग सॉफ्टवेअरमधून होस्टिंगच्या सर्व्हरमार्गे जाते. मेलबॉक्सची आणि होस्टिंगची, अशा एसपीएफच्या दोन्ही ओळी आहेत.

चोपडेकर : दिवसाला ५००० ईमेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम (ईमेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास ईमेलचे काय करावे, हे सांगणारे धोरण) ही तिन्ही सक्तीची केली आहेत.

भुसावळ जंक्शन : ते मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांसाठी आहे, इतरांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतेच. रावेरकर, तुमची चूक "दोन्ही ओळी" या शब्दांतच आहे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन आढळल्या की तपासणीच रद्द ठरते आणि दोन्ही निरुपयोगी होतात. बिलिंग सॉफ्टवेअर होस्टिंगऐवजी मेलबॉक्सच्या एसएमटीपीला (ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरला) पोर्ट ५८७ वरून जोडा आणि एसपीएफमध्ये फक्त त्या सेवेची ओळ ठेवा. मग त्याच सेवेची डीकेआयएमची किल्ली डीएनएसमध्ये घाला. काही पॅनेल नोंदीच्या नावापुढे डोमेन आपोआप जोडतात, त्यामुळे ते दोनदा येत नाही ना, हे पाहा. डीमार्कचे धोरण सध्या "नन" (कारवाई नको) ठेवा. नंतर स्वतःच्या जीमेलवर एक ईमेल पाठवून "शो ओरिजिनल" उघडा. तिन्ही ठिकाणी "पास" दिसले पाहिजे.

रावेरकर : डीकेआयएमच्या नावात डोमेन खरोखरच दोनदा आले होते. ते सुधारल्यावर तिन्ही "पास" झाले. मात्र बिलिंग सॉफ्टवेअर पासवर्ड स्वीकारत नाही.

भुसावळ जंक्शन : दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असेल तर सेवेच्या सेटिंगमधून वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

रावेरकर : तो काढला आणि इन्व्हॉइस गेले. ते इनबॉक्समध्येच आले, असे ग्राहकाने आत्ताच फोनवर सांगितले. आपला मनापासून आभारी आहे.