घरगुती संगणकाच्या इतिहासात ‘स्ट्रिप पोकर’ला जागा असावी का?

जुनाखेळगडी: अमेरिकेतील आर्टवर्क्स कंपनीने १९८२ मध्ये ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी ‘स्ट्रिप पोकर’ काढला. त्यातील सुझी आणि मेलिसा या प्रतिस्पर्धी हरत गेल्या की एकेक कपडा उतरवत. असे खेळ चावट ठरवून इतिहासातून वगळणे मला पटत नाही. पोकर या पैजेच्या पत्त्यांच्या खेळात काही पणाला लागल्याशिवाय हुलकावणीला, म्हणजे हलकी पाने असूनही भारी असल्याचा आव आणण्याला, अर्थ नसतो, आणि एकट्या माणसापुढे यंत्राने मांडलेले खोटे डॉलर कोण जपून खेळणार? पुढच्या चित्राच्या ओढीने का होईना, खेळणारा हातातल्या पानांचा विचार करू लागला.

स्पष्टवक्ती: पणाला लागले ते कोणाचे? यंत्राला खेळणारा दिसतच नव्हता, त्यामुळे तो हरला तरी त्याच्या सदऱ्याचे बटणही निघत नसे. (द्रौपदीचा दाखला मी देत नाही, तो इथे कोणीतरी देईलच.) १९८६ मध्ये ब्रिटनच्या मार्टेकने तर ‘द सन’ या वृत्तपत्राच्या तिसऱ्या पानावरील अर्धनग्न छायाचित्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या समँथा फॉक्सच्या नावावरच पोकर विकला. त्याच्या कमोडोर ६४ या संगणकावरील आवृत्तीचे संगीत रॉब हबर्ड या नावाजलेल्या संगीतकाराचे, पण श्रेय ‘जॉन यॉर्क’ या टोपणनावाला. काय ते ओळखावे.

जुनाखेळगडी: टोपणनावावरून कारागिरी हलकी ठरत नाही. याच खेळाची आवृत्ती निघालेल्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या पडद्यावर ८×८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग मिळत, आणि ४८ किलोबाइटमध्ये पोकरचे नियम, पत्ते व खऱ्या बाईची छायाचित्रे सामावायची होती. छायाचित्र ओळखू येईल इतपत पडद्यावर उतरवणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. शिवाय आर्टवर्क्सने पुढे पुरुष प्रतिस्पर्ध्यांची फ्लॉपीही विकली, तेव्हा सगळा दोष एका बाजूला टाकता येत नाही.

स्पष्टवक्ती: पुरुषांची फ्लॉपी काढल्याने खेळाची मांडणी बदलत नाही, यंत्रासमोर बसलेला सुरक्षितच राहतो. मात्र फ्लॉपीचा उल्लेख तुम्ही केलात ते बरे झाले, कारण या खेळांचे खरे नावीन्य तिथेच आहे. मूळ खेळ एकदा विकायचा आणि नवे चेहरे वेगळ्या फ्लॉपीवर, वेगळी किंमत लावून विकायचे, हा धंदा आर्टवर्क्सने ऐंशीच्या दशकातच जमवला होता. जागा द्यायचीच असेल तर ती विक्रीच्या प्रकरणात द्यावी. पोकरच्या किंवा चित्रकारीच्या प्रकरणात नको.