मदत हवी: फिश पायमध्ये पाणी सुटतं, वरचा बटाटा आत खचतो

संध्याकाळची_घाई
शनिवारी रात्री आठ जण जेवायला आहेत आणि मी फिश पाय (खाली व्हाइट सॉसमधला मासा, वर मऊ बटाट्याचा थर, ओव्हनमध्ये भाजलेला) करते असं सांगून बसले आहे. ओव्हनमध्ये जाताना सगळं छान दिसतं, वरून रंगही येतो. पण डाव घातला की खाली नुसतं पाणी! सॉस कुठे गेला तेच कळत नाही. बटाटा मधोमध खचून त्या पाण्यात जातो. मैदा वाढवून पाहिला तर खळ झाली, आणि पाणी आहे तिथेच. काय करू? लवकर सांगा, आजच सामान आणायचं आहे.

चिमूटभर
मासा कोणता? ताजा की फ्रोझन? सॉसला दूध किती, मैदा किती? भाज्या घालता का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

पदर_सुटले
बटाट्याच्या नादी लागूच नका. तयार पफ पेस्ट्री आणा, वरून झाका, अंडं फासा, मधे एक चीर द्या. खचायला काही उरतच नाही. मी कायम असाच करते.

चिमूटभर
अहो, त्यांचा प्रश्न पाण्याचा आहे. पेस्ट्रीखाली पाणी राहिलं तर ती खालून कच्ची आणि ओलीच राहणार.

पदर_सुटले
पेस्ट्रीचा फिश पाय काही मी शोधलेला नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या माउझल गावात २३ डिसेंबरला करतात तो स्टारगेझी पाय पेस्ट्रीचाच असतो, त्यातून माशांची डोकी वर काढलेली असतात.

संध्याकाळची_घाई
मला डोकी वर काढायची नाहीत, बटाट्याचाच करायचा आहे, पाहुण्यांना तसं सांगितलंय. मासा नेहमीचाच, पांढरा, पाकिटातला. सोबत कोळंबी आणि मटार. सॉस साधा व्हाइट सॉस.

चिमूटभर
पाकिटातला म्हणजे फ्रोझन ना? वितळवून घेता की तसाच?

संध्याकाळची_घाई
तसाच. ओव्हनमध्ये शिजणारच आहे ना? कोळंबी, मटारही तसेच.

मंद_आच
मग पाणी तिथूनच येतंय, मैद्याला दोष देऊ नका. गोठताना माशाच्या आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि त्यांनी मांस आतून फाटतं. वितळला की ते पाणी धरून ठेवायची ताकद त्यात उरत नाही. ते तुमच्या सॉसमध्येच उतरतं. कोळंबीवर तर पुष्कळदा बर्फाचा थरच असतो.

मासा आदल्या रात्री चाळणीत घालून, खाली ताटली ठेवून फ्रीजमध्ये वितळवा. सकाळी ताटलीत किती पाणी जमतं ते बघा, तेच तुमच्या भांड्यात जात होतं. मग कागदी रुमालाने टिपून घ्या. आठ जणांना मासा आणि कोळंबी मिळून सव्वा किलो लागेल. ७५० मिली दुधात तमालपत्र, अर्धा कांदा आणि मिरी घालून दूध गरम करा, त्यात मासा सोडा. उकळी येऊ द्यायची नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की पुरे. ५-६ मिनिटांत काढून चाळणीत ठेवा. तेच दूध गाळून सॉसला घ्या. ७५ ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम मैदा, मंद आचेवर दोनतीन मिनिटं परता, मग दूध थोडंथोडं घालत जा. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर बसला पाहिजे आणि त्यातून बोट फिरवलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे. चाळणीखाली पुन्हा पाणी जमलं असेल तर ते सॉसमध्ये घालून आटवा, चव सगळी त्यात असते.

थेट_ओव्हन
आधी दुधात, मग ओव्हनमध्ये, म्हणजे मासा दोनदा शिजला. त्याचा चोथा होतो! वितळवून टिपलेला मासा मोठे तुकडे करून कच्चाच घाला. वर १५ मिनिटं मीठ लावून ठेवा, आणखी पाणी सुटेल, ते पुसून टाका. फक्त सॉस जास्त घट्ट हवा, तेवढ्याच मैद्याला ६०० मिली दूध.

मंद_आच
ताजा मासा असेल तर मीही कच्चाच घालते. फ्रोझनला नाही. पाहुणे दारात असताना आत किती पाणी सुटतंय याची धाकधूक कशाला?

थेट_ओव्हन
म्हणून तर मीठ लावायचं म्हटलं. मोठा तुकडा काट्याने उचलल्यावर पाकळ्या सुटतात, ते दुधात शिजवलेल्याचं कधीच होत नाही.

मंद_आच
पाच मिनिटांत काढला तर होतं.

लिंबाची_साल
ओव्हनला माशाचा वास राहतो त्यावर उपाय: ओव्हन ऊन असतानाच वाटीभर पाण्यात लिंबाच्या साली घालून आत ठेवा. सकाळपर्यंत वास जातो.

चिमूटभर
बटाट्याचं राहिलंच. तो कसा करता?

संध्याकाळची_घाई
बारीक चिरून उकडते, मग दूध घालून मिक्सरमधून काढते. मऊ होतो ना.

चिमूटभर
मिक्सर नको. त्यात बटाट्याचा स्टार्च बाहेर पडून डिंकासारखा लगदा होतो, आणि दुधाने तो जड आणि पातळ होतो, म्हणून खचतो. मोठे तुकडे उकडा, पाणी काढून तेच पातेलं दोन मिनिटं मंद आचेवर ठेवून वाफ जाऊ द्या. हाताने कुस्करा, लोणी घाला, दूध अगदी जेमतेम. दीड किलो पुरेल. आणि गरम सॉसवर बटाटा घालू नका. सॉस गार होऊन आळला की त्यावर बसतो. कडेपासून सुरुवात करा, भांड्याच्या काठाला चिकटवत आत या. वर काट्याने रेघोट्या ओढा, उंचवट्यांना रंग चढतो.

भाजीपाला_एकदम
मी मासे खात नाही, मशरूम घालून करते, सुंदर लागतं.

मंद_आच
कच्चे घातले तर मशरूमही पाणी सोडतात, आधी कोरडे होईस्तोवर परता. पालकालाही तेच, घट्ट पिळून घ्या.

संध्याकाळची_घाई
बरं, मासा आज रात्रीच चाळणीत ठेवते. दुधात शिजवूनच करेन, कच्च्याची भीती वाटते. सगळं शनिवारी दुपारी रचून फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल? आणि मटारांचं काय?

मंद_आच
चालेल, उलट बरंच. मासा, सॉस, बटाटा सगळं गार करूनच रचा. मटारांवर कढत पाणी ओता, निथळा, पुसा. फ्रीजमधून काढलेल्याला १८० अंशांवर ४५ मिनिटं तरी द्या. मधोमध सुरी खुपसून दहा आकडे मोजा, पातं चटका देण्याइतकं गरम लागलं पाहिजे. बाहेर काढल्यावर लगेच डाव घालू नका, दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात सॉस धरतो.

थेट_ओव्हन
कोळंबी तरी दुधात घालू नका, रबर होते. ती वितळवून, पुसून कच्चीच टाका.

मंद_आच
कोळंबीचं मान्य.