मदत हवी आहे: चार हार्ड डिस्क लावल्या, बायोसला दोनच दिसतात, आणि रेड ५ गेलं कुठे?

नमस्कार मंडळी. अर्धवट माहिती दिली की पुढचे दहा प्रतिसाद "बोर्ड कुठला?" विचारण्यातच जातात, म्हणून सगळं एकदाच लिहिते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कऱ्हाडात आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. शूटिंग नवऱ्याकडे, मिक्सिंग आणि अल्बम माझ्याकडे. गेल्या मे महिन्यात, ऐन लगीनसराईत, एक हार्ड डिस्क टकटक वाजत गेली. त्यात एका लग्नाची हळद होती. मेमरी कार्डं अजून पुसली नव्हती म्हणून निम्मंअधिक परत मिळालं. उरलेल्यासाठी पार्टीसमोर मान खाली घालून बसावं लागलं. तेव्हाच ठरवलं, तुळशीचं लग्न लागायच्या आत रेड (अनेक डिस्क एकत्र बांधायच्या, म्हणजे एक मेली तरी डेटा वाचतो) करायचंच.

मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड (डिस्क जोडायची साटाची सहा पोर्टं), विंडोज ११, तेही एनव्हीएमई (थेट बोर्डाच्या खाचेत बसणाऱ्या) एसएसडीवर. डिस्क चार, प्रत्येकी ४ टीबी. दोन साध्या डेस्कटॉपच्या, मागच्या वर्षी घेतलेल्या पण रिकाम्याच. दोन एनएएसवाल्या (नेटवर्कवरच्या सामाईक साठवणीसाठी बनवलेल्या), कोऱ्या करकरीत. कामाचा डेटा सध्या २.८ टीबी, तो जुन्या दोन यूएसबी डिस्कवर विखुरलाय.

आतापर्यंत केलेलं: चारही डिस्क साटा ३ ते ६ मध्ये लावल्या. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयवरून (डिस्क सुट्या दाखवणारा नेहमीचा मोड) रेड केला. रेड जुळवायचा रेडएक्स्पर्टचा मेनू काही केल्या दिसेना, सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) बंद केल्यावर उगवला. आता तीन अडचणी आहेत.

१. मेनूत दोनच डिस्क दिसतात. केबली बदलल्या, पॉवर बदलली. न दिसणारी डिस्क दुसऱ्या पोर्टात लावली की दिसते, म्हणजे डिस्क बरी आहे.
२. रेड ५ हा पर्यायच नाही. मी आपलं गणित मांडून बसले होते: चार डिस्क, एकीएवढी जागा पॅरिटीला (मेलेल्या डिस्कचा डेटा परत घडवायची जादा माहिती), १२ टीबी हातात.
३. विंडोज नीट सुरू होतं, पण आत गेल्यावर चारपैकी एकही डिस्क दिसत नाही.

बोर्ड बिघडलाय का? दुकानदार म्हणतो, "मॅडम, नवीन बोर्ड घ्या." मला ते पटत नाही.

प्रतिसाद १

ताई, बोर्ड ठणठणीत आहे. दुकानदाराला नमस्कार करा आणि परत या.

पहिली अडचण एम.२ ची, म्हणजे एनव्हीएमई बसते त्या खाचेची. बी४५० च्या बऱ्याच बोर्डांवर सहापैकी चार साटा पोर्टं चिपसेटची असतात आणि दोन प्रोसेसरकडून येतात. त्या दोन पोर्टांच्या लेन (डेटाच्या वाटा) एम.२ च्या खाचेशी वाटून घेतलेल्या असतात. तुमची एनव्हीएमई तिथे बसली की ती दोन पोर्टं मुकी होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत साटाच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बहुतेक ५ आणि ६. डिस्क १ ते ४ मध्ये लावा, चारही दिसतील.

दुसरी: बी४५० वर रेड ०, १ आणि १० एवढंच मिळतं. रेड ५ चिपसेटमध्येच नाही, बायोस अपडेट करून येणार नाही. चार डिस्क दिसल्या की रेड १० दिसेल, त्यात प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते, म्हणून जागा निम्मी, ८ टीबी.

तिसरी: साटा रेड मोडमध्ये गेलं की विंडोजला एएमडीचा रेड ड्रायव्हर लागतो. बोर्ड कंपनीच्या साइटवरून घ्या. तुमचं विंडोज एनव्हीएमईवर आहे म्हणून निदान सुरू तरी झालं. ज्यांचं साटा एसएसडीवर असतं त्यांना अशा वेळी निळा पडदा दिसतो. (त्यांनी मोड बदलण्याआधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावून ठेवावं.)

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे. तरी माझं ऐकाल तर बोर्डाच्या रेडच्या वाटेला जाऊ नका.

हे रेड म्हणजे स्वतंत्र कार्ड नव्हे. सगळं काम ड्रायव्हर आणि तुमचा प्रोसेसरच करतो, बायोस फक्त मांडणी करून देतं. उद्या बोर्ड गेला आणि बाजारात इंटेलचा हाती लागला, तर तो हा संच ओळखणार नाही. त्याहून घातक प्रकार म्हणजे बायोस अपडेट केलं किंवा बोर्डावरचा सेल उतरला की सेटिंग मूळपदावर, म्हणजे एएचसीआयवर जाऊ शकतं. मग विंडोज सुट्या डिस्क दाखवतं आणि भोळेपणाने विचारतं, "इनिशियलाइज करू का?" तिथे हो म्हणालात की संपलं. माझ्या ऑफिसात एकाने म्हटलं होतं. त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

आणि १२ टीबी कशाला हवेत? डेटा २.८ टीबी आहे ना?

धागाकर्ती

१ आणि २ दोघांचे आभार. पुस्तिकेत ५-६ बद्दल खरंच लिहिलंय, फूटपट्टीच्या आकड्यांएवढ्या अक्षरात. डिस्क हलवल्या, चारही दिसल्या!

१२ टीबी मोहापायी, कबूल. पार्टीने ओके दिलं की आम्ही रॉ फुटेज उडवतो, त्यामुळे डेटा ३ टीबीच्या आसपासच घोळतो. पण रेड १० ने एडिटिंगचा वेग वाढेल ना? फोरके टाइमलाइन अडखळते.

प्रतिसाद ३

वेगाचं गणित करून बघा. १०० मेगाबिटचं फोरके फुटेज म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. एकटी हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबी सहज देते. अडखळतोय तो प्रोसेसर नाहीतर ग्राफिक्स कार्ड. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या फुटेजच्या हलक्या प्रती) बनवा, चालू काम एनव्हीएमईवर ठेवा.

दुसरं, त्या दोन डेस्कटॉप डिस्कचे मॉडेल नंबर तपासा, एसएमआर निघण्याची शक्यता मोठी. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं तिथे थोडं लिहायलाही शेजारचं पुन्हा लिहावं लागतं. रीबिल्डच्या वेळी (मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून डेटा परत भरताना) अशी डिस्क रडकुंडीला आणते. साध्या ४ टीबी डिस्कचा रीबिल्ड १५० च्या वेगाने साडेसात तासांत होतो, हिचा किती चालेल ते तीच जाणे. शिवाय खराब सेक्टर लागला की डेस्कटॉप डिस्क वाचायचा हट्ट सोडत नाही, तेवढ्यात रेड तिला मेलेली समजून बाहेर काढतं. एनएएस डिस्क काही सेकंदांत माघार घेते. पण लेबलवर "एनएएस" दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वेस्टर्न डिजिटलच्या "रेड" (म्हणजे लाल) नावाच्या एनएएस मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, तेव्हा बरीच बोंब झाली होती.

धागाकर्ती

तपासलं. डेस्कटॉपच्या दोन्ही एसएमआर, एनएएसच्या दोन्ही सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढलेल्या). आता काय करू?

प्रतिसाद २

उत्तम, वाटणी आपोआपच झाली. बायोस परत एएचसीआयवर आणा. एनएएसच्या दोन डिस्क विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये घाला (कंट्रोल पॅनलमध्ये आहे), टू-वे मिरर (दोन्ही डिस्कवर एकच डेटा) निवडा. दोन्ही डिस्क पुसल्या जातील, म्हणून जुन्या यूएसबी डिस्कना अजून हात लावू नका. विंडोज ३.६३ टीबी दाखवेल, तेवढीच असते, कोणी फसवलं नाही. हा संच उद्या दुसऱ्या बोर्डावर, इंटेल असो वा एएमडी, विंडोज ११ उघडेल. पॅरिटीचा पर्यायही तिथे दिसेल. तो घेऊ नका, लिहायला फार संथ.

एसएमआरच्या दोन रेडमध्ये नकोतच. एक यूएसबी डॉकवर, आठवड्याला बॅकअप घेऊन काढून ठेवायची. दुसरी महिन्याला एकदा, घराबाहेर. मिररमुळे एवढंच होतं, की एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. चुकून फोल्डर डिलीट केलात तर तो दोन्हीकडून तितक्याच इमानदारीने डिलीट होतो.

आणि यूपीएस आहे ना? तुमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट जात असेल तर आधी तो घ्या.

प्रतिसाद १

+१. मिरर झाला की डेटा भरण्याआधी एक परीक्षा घ्या. दोनचार फाइली टाका, मशीन बंद करा, एका डिस्कची साटा केबल काढा, चालू करा. फाइली उघडल्या पाहिजेत आणि विंडोजने इशारा दिला पाहिजे. तो इशारा कसा दिसतो ते डोळ्यांखालून घाला. बंद करून परत जोडा. दोन्ही डिस्कवर नंबराच्या चिठ्ठ्याही चिकटवा, नाहीतर खरी वेळ आली की चांगली डिस्कच उपसली जाते.

धागाकर्ती

झालं! केबल काढून पाहिली, फाइली उघडल्या. इशारा इतका गुपचूप येतो की मी मुद्दाम शोधला म्हणून दिसला. आता दर सोमवारी दुकान उघडलं की आधी स्टोरेज स्पेसेसचं पान बघायचं ठरवलंय. २.८ टीबीची कॉपी काल रात्री लावली होती, सकाळी चहाच्या वेळी संपलेली दिसली. यूपीएस आहे, पण बॅटरी बदलायला झालीय, ती आज आणतोय.

चौथी डिस्क साताऱ्याला माहेरी ठेवणार. आई विचारतेय, फ्रिजवर ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद ३

फ्रिजवर नको, पडेल. मूळच्या पिशवीत घालून कपाटात, आणि ओलीपासून लांब. सहा महिन्यांत एकदा जोडून दोनचार फाइली उघडून बघा.