चर्चा: व्हर्च्युअल मशीनची ओळख लपवून ऑनलाइन खेळणे गैर आहे का?

ऐरोलीकर: घरातील एकाच संगणकावर दिवसा लिनक्समध्ये कार्यालयाचे काम चालते, आणि रात्री केव्हीएम या लिनक्समधल्या सोयीने बनवलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतल्या आभासी संगणकात, विंडोज सुरू करून, ग्राफिक्स कार्ड थेट तिच्या हवाली करून मी खेळतो. एकट्याने खेळायचे खेळ सुरळीत चालतात. व्हॅलोरंट या ऑनलाइन खेळाचे व्हॅनगार्ड, म्हणजे लबाडी पकडणारे अँटी-चीट सॉफ्टवेअर, मात्र व्हर्च्युअल मशीन ओळखताच दार लावून घेते. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानेही जीफोर्स कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये अशीच आडकाठी घातली होती, ती २०२१ मध्ये काढली. मी लबाडी करत नसेन, तर हायपरवायझरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) खूण सांगणारा सीपीयूआयडीचा, म्हणजे प्रोसेसरची माहिती देणाऱ्या आज्ञेचा, बिट झाकण्यात गैर ते काय?

कळवेकर: तो बिट झाकून भागत नाही, कारण सीपीयूआयडीची आज्ञा हायपरवायझरकडे जाऊन परत येते आणि तेवढ्यात लागणारा जास्तीचा वेळ मोजता येतो. पण खरा मुद्दा वेगळा आहे. व्हर्च्युअल मशीनची संपूर्ण मेमरी बाहेरच्या लिनक्सला वाचता येते. प्रतिस्पर्धी कोणत्या भिंतीआड आहे हे तिथून काढले, तर आत बसलेल्या अँटी-चीटला त्याचा पत्ताही लागत नाही. पहारेकरी खोलीत आणि चोर गच्चीवर, अशी ही अवस्था आहे. तुमचा हेतू शुद्ध असेलही, परंतु लपवलेल्या मशीनवरून तो ओळखायचा कसा? खाते बंद झाले, तर तक्रारीला जागा उरणार नाही.

घोडबंदरवासी: वाशीच्या एखाद्या गेमिंग कॅफेत तासाचे पैसे देऊन खेळा, वाद मिटेल.

नेरूळकर: इतक्या सहज मिटणारा वाद हा नाही. संगणक सुरू होताच कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसणारा व्हॅनगार्डसारखा ड्रायव्हर आपण कोणत्या भरवशावर घ्यायचा? गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर वापरून खंडणीखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. तो खेळ संगणकावर नसतानाही हे साधले होते.

कळवेकर: धोका मान्य आहे, म्हणूनच खेळासाठी वेगळी एसएसडी लावा आणि विंडोज तिच्यावरूनच सुरू करा.

ऐरोलीकर: एसएसडी वेगळी असली, तरी कार्यालयाची डिस्क त्याच मदरबोर्डवर राहते, आणि कूटबद्ध असली तरी कर्नलमधल्या ड्रायव्हरला ती पुसता येतेच. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अँटी-चीटांनी २०२१ पासून प्रोटॉनची, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, सोय दिली, पण ती चालू करणे खेळ बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि एपेक्स लेजेंड्स या खेळाने २०२४ मध्ये लिनक्सचे दार बंद केले. लिनक्सवर थेट चालणारा काउंटर-स्ट्राइक २ आहे, म्हणून तूर्त तोच खेळेन. बिट झाकण्याचा विचार सोडला आहे, तक्रार सोडलेली नाही.