थायरॉइडची गोळी बंद केल्यावर तुम्हाला काय झालं?

डिचोली :
सुरुवात मी करते. माझं थायरॉइड कमी, म्हणून त्या हार्मोनची गोळी, थायरॉक्सिन 75 मायक्रोग्रॅमची. चवथीच्या गडबडीत बाटली संपली, नवी आणायची राहिली. पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही, उलट वाटलं की गोळीची गरजच नव्हती. तिथेच फसले. दसऱ्यापर्यंत दोन जिने चढताना पाय ओढावे लागत होते, न्हाणीच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसत होते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घरचे पंख्याखाली असताना मी चादर ओढून बसायची. आवाज घोगरा, पोट साफ नाही. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतं ते हार्मोन) 38 निघालं, म्हणजे खूपच जास्त. डॉक्टर म्हणाले, या गोळीतलं निम्मं औषध शरीरातून जायलाच आठवडा लागतो, त्यामुळे त्रास उशिरा कळतो. ज्यांनी बंद केली, त्यांनी लिहा. डॉक्टरांना विचारून की स्वतःच, तेही सांगा.

फोंडा :
माझी बंद झाली आणि बंदच राहिली. पण बाळंतपणानंतरचा थायरॉइड होता. मुलगी वर्षाची झाल्यावर डॉक्टरांनीच 50 ची 25 केली, सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, मग थांबवली. अँटी-टीपीओ (थायरॉइडवरच हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह असल्यामुळे दर वर्षी तपासणी चुकवत नाही.

काणकोण :
माझं उलटं, थायरॉइड जास्त. ते कमी करणारी कार्बिमाझोल दीड वर्ष घेऊन थांबवली. तिसऱ्या महिन्यात टॅक्सीच्या स्टेअरिंगवर हात थरथरू लागले. रात्री छातीत धडधड, दुप्पट जेवूनही पँट सैल. भाडं सोडून सरळ डॉक्टरांकडे गेलो. ग्रेव्हज, म्हणजे थायरॉइड वाढवणारा माझा मूळ आजार, परत आला होता. हा आजार बऱ्याच जणांना उलटतो म्हणे, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे उन्हाळ्याला दोष देत बसलो नसतो.

पेडणे :
सासूबाईंची पूर्ण ग्रंथी ऑपरेशनने काढली आहे. कुणीतरी काढा दिला आणि गोळी सोडायला लावली. दोन महिन्यांत चेहरा सुजला, बोलणं जड झालं, एका सकाळी त्या हाक मारूनही नीट जाग्या होईनात. आठवडाभर हॉस्पिटलात होत्या. ग्रंथीच नाही तर हार्मोन कुठून येणार? ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय, त्यांनी हे नक्की वाचा.

डिचोली :
पेडण्याच्या ताई, वाचून पोटात गोळा आला. सासूबाई आता कशा आहेत?
मी पुन्हा सुरू केल्यावर थकवा कमी व्हायला तीन आठवडे गेले, केस थांबायला तीन महिने. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका, मला सक्त मनाई केली होती. आता पहाटे नुसत्या पाण्याबरोबर गोळी, तासाभराने चहा आणि पेज. कॅल्शियम रात्री, कारण दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. नवी बाटली जुनीत वीस गोळ्या उरल्या की आणते.