तोडलेल्या उसातील साखर प्रकाशाने मोजताना शिळ्या उसावर अंदाज का चुकतो?

प्रश्न

मी कृषी अभियांत्रिकीचा पदव्युत्तर विद्यार्थी असून तोडणी झालेल्या उसातील साखरेचे प्रमाण रस न काढता, केवळ जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने मोजता येते का, याचा अभ्यास करीत आहे. माझ्याकडील हातात धरण्याचे उपकरण ९०० ते १७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील परावर्तित प्रकाश नोंदवते. प्रत्येक उसाच्या बुडख्याकडील, मधल्या आणि शेंड्याकडील पेरावर सालीवरूनच तीन-तीन नोंदी घेतल्या, नंतर त्याच पेरांचा रस काढून हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घनपदार्थांची टक्केवारी) मोजला आणि या दोहोंची सांगड पार्शल लीस्ट स्क्वेअर्स या संख्याशास्त्रीय पद्धतीने घातली. सर्व नोंदी एकत्र मिसळून त्यांपैकी एक चतुर्थांश पडताळणीसाठी बाजूला ठेवल्या होत्या. त्यांवर या पद्धतीने तयार झालेले प्रतिमान (मॉडेल) उत्तम जुळले. मात्र तोडून चार दिवस झालेल्या उसावर तेच प्रतिमान वापरले, तेव्हा जवळजवळ सर्व अंदाज प्रत्यक्ष ब्रिक्सपेक्षा बरेच जास्त आले. हा दोष उपकरणाचा समजावा की पद्धतीचा?

प्रतिसाद १

अंदाज एकाच बाजूला झुकले आहेत, ही आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. चुका केवळ उपकरणाच्या नोंदींतील अनियमित चढउतारामुळे असत्या, तर त्या बहुधा अशा नियमितपणे एका दिशेला गेल्या नसत्या.

उसाच्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग पाणी असतो, आणि आपण निवडलेल्या पट्ट्यात ९७० व १४५० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचे शोषण अतिशय ठळक असते. साखरेतील कार्बन-हायड्रोजन बंधांच्या खुणा ११०० ते १२२५ आणि पुढे १६०० नॅनोमीटरच्या वर आढळतात. परंतु त्या क्षीण असतात आणि पाण्याच्या रुंद पट्ट्यांच्या उतारावर चढलेल्या असतात. उभा ऊस पक्व होत जातो तेव्हा साखर वाढते आणि त्याच वेळी पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे ताज्या उसावर तयार केलेले प्रतिमान ‘पाणी कमी म्हणजे साखर जास्त’ एवढेच शिकते, आणि ताज्या उसावर तपासले तर त्याचे उत्तर बरोबरही येते. ऊस तोडल्यावर हे नाते तुटते. आता पाणी घटते ते पक्वतेमुळे नव्हे, तर वाळण्यामुळे; आणि वाळण्याची सुरुवात बाहेरून होते. आपला प्रकाश सालीखाली जेमतेम काही मिलिमीटर पोहोचतो, म्हणून उपकरणाला दिसतो तो उसाचा सर्वाधिक वाळलेला भाग, तर आपण मोजलेला ब्रिक्स असतो संपूर्ण पेराच्या रसाचा. प्रतिमानाने कोरडी साल पाहिली आणि ती गोडी समजली.

तापमानाकडेही लक्ष द्यावे. नमुना गरम झाला की पाण्यातील हायड्रोजन बंध सैल होतात आणि १४५० नॅनोमीटरजवळचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो. सकाळी सावलीत आणि दुपारी उन्हात घेतलेल्या नोंदी म्हणूनच एकसारख्या मानता येत नाहीत.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. परंतु तुलनेसाठी घेतलेल्या मूल्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही, तो रसात विरघळलेल्या सर्व घनपदार्थांचा एकत्रित परिणाम मोजतो. ताज्या, पक्व उसात त्यांतील बहुतांश भाग सुक्रोजचा असल्याने हा फरक खपून जातो. शिळ्या उसात मात्र इन्व्हर्टेज या विकरामुळे सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. या क्रियेत ३४२ ग्रॅम सुक्रोज १८ ग्रॅम पाणी सामावून घेते आणि ३६० ग्रॅम साध्या शर्करा बनतात. म्हणजे ज्या उसाची स्फटिकरूप साखर होण्याची क्षमता घटत आहे, त्याच उसाचा ब्रिक्स किंचित वाढू शकतो. त्यात वाळण्यामुळे रस दाट होतो तो वेगळाच. ऊस किती खराब झाला हे ज्या आकड्यात उमटतच नाही, त्या आकड्यावर शिकवलेले प्रतिमान कितीही चांगले जुळले तरी त्याचा उपयोग मर्यादित राहणार.

निदान पोल (रसातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती वळतो, यावरून काढलेले सुक्रोजचे प्रमाण) मोजावा. सुक्रोजचे विशिष्ट ध्रुवण सुमारे अधिक ६६.५ अंश आणि फ्रुक्टोजचे सुमारे उणे ९२ अंश असल्याने विघटन झाले की पोल स्पष्टपणे खाली येतो. तथापि शिळ्या उसासाठी पोलही पूर्ण विश्वासार्ह नाही, कारण ल्युकोनोस्टॉक जीवाणू तोडलेल्या टोकांतून शिरून सुक्रोजपासून डेक्स्ट्रान ही बहुशर्करा तयार करतात, आणि डेक्स्ट्रानचे उजवे ध्रुवण सुक्रोजच्या जवळपास तिप्पट असल्यामुळे पोल खोटा चढतो. आपल्या प्रयोगशाळेत द्रव वर्णलेखनाची (एचपीएलसीची) सोय असेल, तर चार दिवसांच्या नमुन्यांसाठी तीच वापरावी आणि सुक्रोज, ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. या तिन्ही शर्करांचे वर्णपट जवळच्या अवरक्त पट्ट्यात एकमेकांवर मोठ्या प्रमाणात पडतात, त्यामुळे त्या वेगळ्या ओळखण्याची अपेक्षा सालीवरून घेतलेल्या नोंदींकडून मी करणार नाही.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. सालीवरून मोजण्याचा आग्रह सोडून पेर उभे चिरून आतील भागावर नोंद घेतली, तर ते पुरेसे होईल का? की थेट रसाचाच वर्णपट घ्यावा?

प्रतिसाद ३

चिरलेल्या भागावरील नोंद सालीपेक्षा निश्चितच चांगली, कारण मेणाचा थर आणि सालीचा रंग हे दोन्ही अडथळे दूर होतात. मात्र चिरलेला पृष्ठभागही झपाट्याने सुकतो, म्हणून चिरल्यापासून नोंदीपर्यंतचा वेळ सर्व नमुन्यांसाठी सारखा ठेवावा. रस पारदर्शक पात्रात ठेवून मोजल्यास अचूकता आणखी वाढते, परंतु तेव्हा कळते ती रसातील साखर, उसातील नव्हे. ऑस्ट्रेलियात ऊसदरासाठी वापरल्या जाणाऱ्या सीसीएस (उसातून मिळू शकणाऱ्या साखरेच्या) सूत्रात पहिल्या रसाचा पोल उसाच्या पोलमध्ये बदलताना तंतूंच्या टक्केवारीत ५ मिळवून ती बेरीज १०० मधून वजा करतात. तंतू १४ टक्के असतील तर गुणक ०.८१ येतो, आणि रसातील १८ पोल उसात सुमारे १४.६ एवढाच उरतो. तंतूंचे प्रमाण वगळून दिलेला आकडा म्हणूनच अपुरा असतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातील साखर कारखान्यांनी हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला. तेथे बारीक कुटलेला ऊस वाहत जात असताना त्यावर वर्णपटमापक सतत रोखलेला असतो. परिणामी बुडखा, शेंडा, वाढे, पाचट आणि माती या सर्वांची सरासरी आपोआप मोजली जाते आणि तंतूंचाही अंदाज त्याच वर्णपटावरून मिळतो. आपल्यालाही शक्य असल्यास संपूर्ण ऊस किसून, नीट मिसळून मोजावा. बुडख्याच्या व शेंड्याच्या पेरांतील साखरेत इतका फरक असतो की एका पेरावरील मापन, ते कितीही अचूक असले तरी, गाडीभर उसाबद्दल फारसे सांगू शकत नाही.

आता पडताळणीबद्दल, कारण माझ्या मते मूळ फसगत तेथेच झाली आहे. एकाच पेराच्या तीन नोंदींपैकी दोन शिकवण्यात आणि एक तपासणीत गेली, तर प्रतिमानाला तोच नमुना पुन्हा दाखवल्यासारखे होते. विभागणी नोंदींची नव्हे, उसांची करावी. त्याहून चांगले म्हणजे एका दिवसाची संपूर्ण खेप बाजूला ठेवावी. तोडणीनंतरचे शून्य, एक, दोन, चार असे सर्व दिवस शिकवण्याच्या संचात असू द्यावेत, जेणेकरून पाणी आणि साखर यांचे ताज्या उसातील घट्ट नाते त्या संचातच सैल होईल. तसेच प्रत्येक रसाचे संदर्भमापन दोनदा करून त्या दोहोंतील फरक लिहून ठेवावा, कारण नव्या नमुन्यांवरील आपली चूक त्या फरकाच्या जवळ आली असेल, तर प्रतिमान आणखी घासूनपुसून काही साधणार नाही.