स्क्रीनशॉटची प्रिंट म्हणजे पुरावा नव्हे

एकांनी लिहिलंय की कोर्टात पुरावा म्हणून चॅटची प्रिंट आणि सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह दिला की काम झालं. नाही हो. ही प्रत झाली, आणि प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४). नव्या नमुन्यात दोन भाग आहेत: 'अ' पुरावा देणाऱ्याचा, 'ब' तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू भरायची, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा ठसा; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो.

घोळ इथेच होतो. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो. दिसायला तोच, पण एसएचए-२५६ (हॅश काढायची एक पद्धत) चे ६४ वर्ण पार वेगळे. म्हणून डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) पहिली प्रत काढली की तिथेच हॅश काढा, पाठवायचंच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि हे लवकर करा. डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसून वर नवं लिहितो.

यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो प्रमाणपत्र देत नसेल, तर लेखी मागणी करा, पोच जपा, मग न्यायालयाकडे अर्ज. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राची सवलत दिली ती असे सगळे प्रयत्न झाले होते म्हणूनच.